वाचक विचारतात : मिशनच्या बोर्डिंगात जे झालं ते आता पन्नाशीत कुणाला सांगायचं?

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, की परदेशात मिशनरी लोकांच्या मुलांसाठी ज्या बोर्डिंग शाळा चालायच्या तिथं लहानपणी अत्याचार सोसलेली माणसं आता पन्नाशी-साठीत बोलायला लागलीत. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, कारण विषय तसा आपल्यापासून लांबचा. पण मराठी माणूस आता कुठं कुठं नांदतोय बघा. त्यातली काही पत्रं घेतलीत. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि त्यांच्या शाळांची नावं काढून टाकलीत. उत्तरांत ज्या शाळांची नावं आहेत ती जाहीर अहवालांतली किंवा उघड झालेल्या प्रकरणांतली आहेत, ती या पत्रांतल्या शाळांची समजू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळची सांगलीची, लग्नानंतर टेक्सासला. नवरा अमेरिकन, त्याचे आईवडील पश्चिम आफ्रिकेत मिशनरी होते आणि त्याला सहाव्या वर्षी तिथल्याच मिशनच्या बोर्डिंगमध्ये टाकलं होतं. लग्न ठरताना एवढंच म्हणाला होता की शाळा स्ट्रिक्ट होती. आता आमचा मुलगा सहा वर्षांचा झाला आणि याचं सगळं बिघडलं. मुलाला शेजारी स्लीपओव्हरला पाठवत नाही, समर कॅम्पचं नाव काढलं की चिडतो, रात्री उठून मुलाच्या खोलीच्या दारात बसतो. गेल्या थँक्सगिव्हिंगला एकदाच बोलला, की डॉर्मच्या अंकलनं काय काय केलं ते, आणि मग म्हणाला विसरून जा. सासूबाईंना फोनवर थोडं सांगितलं तर त्या म्हणाल्या प्रभूनं क्षमा केली आपणही करावी. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणते एवढी वर्षं गेली, आता कशाला उकरून काढायचं. मी नक्की काय करू?

उत्तर : आधी हे सांगते की मूल आपल्या त्या वयाचं झालं की आईबापाचं जुनं वर येणं हे फार वेळा दिसतं, तुमच्या घरात काही जगावेगळं घडत नाहीये. दारात बसणारा माणूस वेडा झालेला नाही. त्याच्या वेळी दारात कुणी बसलं नव्हतं, म्हणून तो बसतोय.

आता ही शाळा म्हणजे काय होतं ते समजून घ्या, कारण आपल्याकडच्या होस्टेलवरून अंदाज बांधाल तर चुकेल. आईवडील आत कुठल्यातरी खेड्यात, शाळा शेकडो किलोमीटर लांब, कधी कधी दुसऱ्याच देशात. गिनी देशात मामू नावाचं गाव आहे, तिथं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनची शाळा १९२० च्या दशकापासून १९७१ पर्यंत चालली, आणि आजूबाजूच्या देशांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांची मुलं तिथं यायची, वर्षातले बरेच महिने आईबापाचं तोंड दिसायचं नाही. घरी पाठवायची पत्रं मोठी माणसं वाचून बघायची, त्यामुळं पत्रात लिहायचं ते सगळं मजेत आहे एवढंच. डॉर्म सांभाळणाऱ्यांना अंकल आणि आंटी म्हणायचं. म्हणजे बघा, शाळेतला मास्तर तोच, रात्री दिवे मालवणारा तोच, रविवारी प्रार्थना घेणारा तोच, तक्रार करायची तर ती पण त्याच्याकडेच. आणि वर मुलांच्या मनात हे पक्कं भरवलेलं की तू तक्रार केलीस तर तुझ्या आईबाबांना काम सोडून परत जावं लागेल, मग ज्या लोकांना ते देवाकडं आणणार होते ते नरकात जातील आणि तो दोष तुझ्या माथी. सहा-सात वर्षांच्या पोराला हे! मारापेक्षा हे जास्त खोल जातं असं माझं मत आहे, कारण मार देणाऱ्याचा राग तरी करता येतो.

मामूच्या माजी विद्यार्थ्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मिशननं लगेच दार उघडलं नाही, बरीच वर्षं झुलवलं, आणि मग एकदाचा स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा अहवाल १९९७ चा. त्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि देवाच्या नावानं केलेला छळ हे चारही प्रकार झाल्याचं मान्य केलंय. म्हणजे शाळा बंद होऊन पाव शतक उलटल्यावर. सेनेगलमधल्या फांडा इथं न्यू ट्राइब्स मिशनची शाळा होती, तिच्यावर ग्रेस नावाच्या अमेरिकन संस्थेनं चौकशी करून २०१० मध्ये अहवाल दिला. ती मिशन आता एथनॉस ३६० या नावानं काम करते. तुमच्या आईला 'एवढी वर्षं गेली' वाटणं साहजिक आहे पण ही माणसं बोलायलाच एवढी वर्षं घेतात. ऑस्ट्रेलियात सरकारनं नेमलेल्या रॉयल कमिशननं २०१३ ते २०१७ सगळ्या तऱ्हेच्या संस्थांमधल्या अत्याचारांची चौकशी केली, त्यांच्यापुढं आलेल्या माणसांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती, आणि पुरुषांना बायकांपेक्षा जास्त. तुमचा नवरा उशिरा बोलला असं नाही, तो वेळेवरच बोललाय.

आता तुमचं काम. त्यानं एकदा सांगितलंय, तुम्ही ऐकून घेतलंत आणि विश्वास ठेवलात हे त्याला स्पष्ट शब्दात कळू दे, नुसतं मनात ठेवू नका. 'तू सांगितलंस ते मला खरं वाटतं, पुढं बोलायचं असेल तेव्हा मी आहे, नसेल बोलायचं तरी चालेल', बस. खोदून खोदून तपशील विचारू नका, किती वेळा, कुठं, मग तू ओरडला का नाहीस, हे तर अजिबात नको. त्याच्या परवानगीशिवाय कुणालाच सांगू नका, सासूबाईंना नाही आणि स्वतःच्या आईलाही नाही (हे मी जरा रागावून लिहितेय, पण प्रेमानं घ्या. त्याची गोष्ट त्याच्या हातात राहिली पाहिजे, लहानपणी तेवढंच काढून घेतलं होतं त्याच्याकडून).

सासूबाईंचं म्हणाल तर त्या क्षमेचं बोलतात त्यात त्यांची स्वतःची सुटका पण आहे. ज्या बाईनं देवाचं काम म्हणून सहा वर्षांचं लेकरू गाडीत बसवून दिलं, तिला आता त्या गाडीकडं परत बघायचं म्हणजे काय होत असेल. मला त्यांची कीव येते खरंच. पण त्यांचं ओझं तुमच्या नवऱ्यानं उचलायचं नाही. त्यांना कुणाशी बोलायचं असेल तर त्यांच्या वयाचे, तेच केलेले दुसरे मिशनरी आईबाप आहेत, काहींनी मुलांची बाजू घेऊन मिशनशी भांडण पण केलंय. फोनवर क्षमेचा विषय निघाला की तुम्ही एवढंच म्हणा, आई तो विषय त्याचा आहे, त्यानं काढला तर बोलू. आणि फोन दुसऱ्या विषयावर न्या, पाऊसपाणी, नातू, काहीही.

मुलाला कॅम्पला पाठवायचं का? यंदा नका पाठवू. पण घरात उगाच भीती नको म्हणून दिवसाचा कॅम्प, जिथं आईबाबांना कधीही डोकावता येतं, तिथून सुरुवात करा आणि नवऱ्यालाच चौकशी करू द्या की मुलांबरोबर एकटा मोठा माणूस राहतो का, तक्रार कुणाकडं करायची, बॅकग्राउंड चेक होतो का. असले प्रश्न त्याच्याइतके नेमके कुणाला सुचणार आहेत.

तुम्हाला स्वतःला पण कुणीतरी लागेल बोलायला. नवऱ्याचा थेरपिस्ट नको, वेगळा.

प्रश्न : मी पन्नाशीचा, टोरांटोत असतो. घर नगर जिल्ह्यातलं, आजोबांपासून ख्रिस्ती. आईवडील दोघे मिशन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते म्हणून आम्हा भावंडांना फी माफ करून डोंगरातल्या एका मिशन बोर्डिंगमध्ये घेतलं होतं, म्हणजे शाळा परदेशी मिशनची पण भारतातच. तिथला एक शिक्षक, परदेशीच होता. पुढचं लिहीत नाही. आता माजी विद्यार्थ्यांना ईमेल आलाय की शाळेनं बाहेरच्या फर्मला 'स्वतंत्र चौकशी' दिली आहे, कुणाला काही सांगायचं असेल तर संपर्क करा. बायको म्हणते सांग, भाऊ म्हणतो त्यांच्या फंदात पडू नको, ते स्वतःलाच क्लीन चिट देतील. पोलिसात जाता येतं का हाही प्रश्न आहे.

उत्तर : दोघंही बरोबर आहेत. म्हणून आधी त्या फर्मला तुमची गोष्ट सांगू नका, आधी त्यांना प्रश्न विचारा. ईमेलनं विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

फर्मला पैसे कोण देतंय हे ते सांगतीलच, शाळाच देत असणार, त्यात एवढं वाईट नाही. खरी गोम पुढं आहे. अहवाल कुणाच्या मालकीचा? शाळेच्या बोर्डाला दाखवून मग छापणार की थेट सगळ्यांना देणार? फर्म वकिलांची असेल तर ते शाळेचे वकील म्हणून काम करतायत का, कारण तसं असेल तर तुम्ही सांगितलेलं उद्या शाळेच्या बचावासाठी वापरलं जाऊ शकतं आणि अहवाल 'गोपनीय' म्हणून कपाटात जाऊ शकतो. चौकशी मधेच थांबवायचा अधिकार शाळेकडं आहे का? हा प्रश्न हवेतला नाही. बांगलादेशात एबीडब्ल्यूई नावाच्या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचा एक डॉक्टर होता, डॉन केचम, त्यानं एका मिशनरी कुटुंबातल्या मुलीवर अत्याचार केले. १९८९ मध्ये ते उघड झालं तेव्हा मुलगी चौदा वर्षांची होती, आणि मिशनच्या माणसांनी काय केलं तर तिच्याकडूनच एका कबुलीच्या कागदावर सही घेतली, जणू दोघांनी मिळून काही केलं होतं. तो डॉक्टर मिशनमधून गेला पण खरं कारण लोकांना सांगितलं नाही. खूप वर्षांनी बोभाटा झाल्यावर मिशननं ग्रेसला चौकशी दिली आणि २०१३ मध्ये, काम पुरं होत आलं असताना, काढून घेतली! मग दुसरी फर्म नेमली, तिचा अहवाल २०१६ ला आला आणि त्यानं मिशनच्या वरच्या लोकांचे पुरते वाभाडे काढले. म्हणजे शेवटी आला अहवाल, पण मधली तीन वर्षं तक्रार करणाऱ्या बायकांनी कशी काढली असतील.

अजून विचारा की बोलताना बरोबर कुणाला आणता येईल का (बायको, मित्र, वकील), रेकॉर्डिंग होणार का आणि त्याची प्रत मिळणार का, तुम्ही सांगितलेलं लिहून काढल्यावर ते वाचून दुरुस्त करायला देणार का, अहवालात नाव कसं येणार, तो माणूस जिवंत असेल आणि अजून मुलांमध्ये वावरत असेल तर पोलिसांना कळवणार का. आणि कौन्सेलिंगचा खर्च. इथं फार चलाखी चालते, म्हणजे सहा सेशन देऊ आणि आमच्याच पॅनेलवरचा थेरपिस्ट घ्या. थेरपिस्ट तुम्ही निवडायचा, बिल त्यांनी द्यायचं, आणि सेशनमध्ये काय झालं याचा रिपोर्ट त्यांना जायचा नाही. हे नाही म्हणाले तर त्यांना तुमचं दुखणं बरं करायचं नाही, फाइल बंद करायचीये. गप्प राहण्याच्या अटीचा कुठलाही कागद पुढं आला तर सही करू नका, कितीही गोड बोलले तरी.

ही उत्तरं बघून ठरवा. पटली नाहीत तर तुमची गोष्ट स्वतः लिहून, तारखा जमतील तशा घालून, एका वकिलाकडं ठेवता येते, चौकशीत न जाताही ती कागदावर राहते. तीच मिशन चालवणाऱ्या इतर शाळांतल्या लोकांशी बोला. एमके सेफ्टी नेट म्हणून संस्था आहे, मामू आणि तशा इतर शाळांतून गेलेल्या माणसांनीच उभी केलेली, कॅनडातही त्यांचं काम आहे. एमके म्हणजे मिशनरी किड. तुम्ही परदेशी मिशनऱ्यांचे मूल नाही, म्हणून तिथं परकं वाटेल कदाचित, पण डॉर्म तीच होती ना. आणि खरं सांगायचं तर तुमच्यासारख्यांचा प्रश्न या सगळ्यात मागंच राहिलाय. मामूची चौकशी मिशनऱ्यांच्या मुलांपुरती होती. फी माफीवर शिकणाऱ्या इथल्या मुलाला तक्रार करायला किती बळ लागलं असतं, त्याचे तर आईवडील पण त्याच मिशनच्या पगारावर. चौकशीत गेलात तर ही फी माफीची गोष्ट पण मुद्दाम सांगा, कारण त्या माणसानं कुणाला निवडलं ते त्यातून कळतं.

पोलिसांचं : पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासूनच्या घटनांना लागू, त्याआधीच्याला नाही. तुमचं प्रकरण जुन्या भारतीय दंड संहितेखाली बघावं लागेल. ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होती त्याला तक्रारीची मुदत नाही, म्हणजे मुलाच्या बाबतीत तेव्हाचं ३७७ कलम (अनैसर्गिक संभोगाचं) लागत असेल तर आजही तक्रार घेतली जाऊ शकते. कमी शिक्षेची कलमं मात्र मुदतीत अडकतात. माणूस अमेरिकन असेल तर तिकडं २००३ मध्ये प्रोटेक्ट ॲक्ट आला, त्यानंतर अमेरिकन नागरिकानं परदेशात मुलांवर अत्याचार केले तर तिथं खटला चालतो आणि चाललेत, ब्राझीलमधल्या एका न्यू ट्राइब्स मिशनऱ्याला २०१४ मध्ये ५८ वर्षांची शिक्षा झाली. पण तो कायदा मागच्या काळाला लागत नाही. भरपाईच्या दाव्याला वेगळे नियम, अमेरिकेत प्रत्येक राज्याचे वेगळे. न्यूयॉर्कनं २०१९ ते २०२१ आणि कॅलिफोर्नियानं २०२० ते २०२२ मुदत संपलेल्या जुन्या प्रकरणांत दावा करता यावा म्हणून खिडकी उघडली होती, ती बंद झाली. मिशनचं मुख्यालय कुठल्या राज्यात आहे ते शोधून तिथल्या वकिलाला एकदा विचारा, पहिली भेट बरेचजण फुकट देतात.

भाऊ नको म्हणतो यावर एक शंका विचारू? तोही त्याच डॉर्ममध्ये होता ना. त्याला काही विचारू नका, पण तो असं का म्हणतोय याकडं लक्ष असू द्या.

प्रश्न : ज्यानं केलं तो मरून गेला. आता चौकशी करून काय साध्य होणार? – एक वाचक, नागपूर

उत्तर : बरंच. काँगोत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांच्या मुली शिकायच्या, त्यांच्यातल्या काहीजणी मोठ्या झाल्यावर पुढं आल्या. ज्याच्यावर आरोप होता तो चौकशी पुरी व्हायच्या आत वारला. चर्चनं तरी चौकशी चालू ठेवली, २००२ मध्ये अहवाल आला, आरोप खरे ठरले, आणि त्यातून इतर देशांतल्या तक्रारींसाठी आणखी एक पॅनेल बसलं ते २०१० पर्यंत चाललं. मेलेल्याला शिक्षा होत नाही हे खरं. पण त्या मुलींना घरच्यांनी, मैत्रिणींनी खोटं ठरवलेलं असतं, एखादी बहीण बोलत नसते. तिच्या हातात छापील कागद येतो की हे घडलं. शिवाय कुणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं हेही त्यात येतं, आणि ते सगळे मेलेले नसतात!

प्रश्न : तुम्ही मिशनरी लोकांना बदनाम करताय. माझी आजी मिशन शाळेत शिकली म्हणून आमच्या घरात अक्षर आलं. – एक वाचक, वसई

आणि त्याच टपालात :

प्रश्न : बरं झालं लिहिलंत, धर्मांतर करणाऱ्यांचं खरं रूप लोकांना कळू दे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांना एकत्रच उत्तर देते, रागावू नका.

वसईच्या ताई, तुमच्या आजीचं खरंच आहे. आमच्या मिरजेला वॉनलेस डॉक्टरांनी काढलेलं हॉस्पिटल आहे, तिथं बरे झालेले लोक आमच्या घरात पण आहेत. पण या प्रकरणात तक्रार करणारे कोण आहेत ते बघा ना, मिशनऱ्यांचीच मुलं आहेत. त्यातले कितीतरी आजही चर्चला जातात. ग्रेस संस्था काढणारे वकील स्वतः ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या घराण्यातले. त्यांना बदनामी करायची नाहीये, त्यांना कुणीतरी 'हो झालं, आणि आम्हाला माहीत होतं' एवढं म्हणायला हवंय. लपवल्यानं जी बदनामी झाली ती लपवणाऱ्यांनी केली.

ठाण्याचे दादा, तुम्हाला या मुलांशी काही देणंघेणं आहे असं पत्रातून वाटलं नाही. भारत सरकारच्या महिला बालविकास खात्यानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले. त्यात सगळ्या धर्माची घरं आली. आपल्या आश्रमशाळांच्या बातम्या तुम्हीही वाचताच. बंद दार, लांबचे आईबाप आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडंच तक्रारपेटीची किल्ली, हे जिथं असेल तिथं हे होतं. पुढचं पत्र आश्रमशाळेतल्या मुलांसाठी काय करता येईल यावर लिहा, पहिलं छापते.

प्रश्न : ताई, मी पुण्यात असते. लहानपणी आईवडिलांच्या कामामुळं पूर्व आफ्रिकेत होते, तिथं मिशन शाळेच्या होस्टेलला काही वर्षं. दोन थेरपिस्ट झाले. एकीनं दुसऱ्याच भेटीत क्षमापत्र लिहायला लावलं, दुसऱ्याला मिशन, डॉर्म, फर्लो (मिशनऱ्यांची मायदेशी जायची लांब रजा) हे सगळं समजावून सांगण्यातच तास संपायचा, आणि पैसे माझे. घंटा वाजली की अजून छातीत धडधडतं, ऑफिसच्या लंच बेलनं सुद्धा. परत हिंमत करू का?

उत्तर : करा, पण यावेळी तुम्ही त्यांचा इंटरव्ह्यू घ्या. क्षमापत्रवालीचं नाव मला कळलं असतं तर बरं झालं असतं, असो.

घंटेचं आधी. बोर्डिंगमध्ये उठणं, जेवण, प्रार्थना, झोप सगळं घंटेवर, आणि दिवे मालवायची घंटा झाली की पुढं काय होणार ते तुमच्या शरीराला ठाऊक होतं. शरीर ते विसरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (आघातानंतर राहणारा मानसिक त्रास, त्याचा जास्त गुंतागुंतीचा प्रकार) असं वेगळं निदान आता आहे, लांबलचक काळ सुटका नसलेल्या ठिकाणी सोसलेल्यांसाठी. ते तुम्हाला आहे का हे मी पत्रावरून सांगणार नाही, पण थेरपिस्टला हे निदान माहीत आहे का हा पहिला प्रश्न विचारा. दुसरा, ट्रॉमावर कुठल्या पद्धतीनं काम करता. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं जुन्या आठवणींवर काम करणारी) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली आहे, दोन्हीचं ट्रेनिंग घेतलेले लोक पुण्या-मुंबईत मिळतात, सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडं रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं. तिसरा प्रश्न, क्षमेबद्दल तुमचं मत काय? उत्तरात 'ते तुम्ही ठरवायचं, आत्ता नाही ठरवलं तरी चालेल' असं काही आलं तर थांबा, नाहीतर चहा पिऊन निघा.

आणि तो समजावण्यात जाणारा तास. मिशन, डॉर्म, फर्लो म्हणजे काय, शाळा कुठं होती, वर्षातून किती वेळा घरी जायचात, आंटी-अंकल कोण, हे एका पानावर लिहा आणि भेटीआधी पाठवून द्या. वाचून आला नाही तर कळेलच. घरच्यापासून तुटलेल्या, कुठल्याच देशाचं पुरतं न झालेल्या अशा मुलांवर समाजशास्त्रात बराच अभ्यास आहे, थर्ड कल्चर किड हा शब्द रूथ युसीम या अमेरिकन बाईंनी आणला आणि गंमत म्हणजे त्यांचं ते काम १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांवरून सुरू झालं. थेरपिस्टनं तेवढं वाचलं तरी अर्धा तास वाचेल तुमचा.

लहानपणच्या लैंगिक अत्याचारातून गेलेल्या मोठ्या बायकांसाठी दिल्लीची राही फाउंडेशन १९९६ पासून काम करतेय, मुंबईत अर्पण आहे. रात्री फारच झालं तर टेली-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो थेरपी नाही, रात्र काढायला आहे. मधल्या काळात ऑफिसच्या ॲडमिनला सांगून ती लंच बेल बंद करून घेता येते का बघा, कारण सांगायची गरज नाही, आवाजाचा त्रास होतो म्हणा.

प्रश्न : आमच्या बोर्डिंगचं मोठं रियुनियन आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जुने फोटो. ज्या डॉर्म पेरेंटबद्दल आम्हा तिघी-चौघींना माहीत आहे त्यांच्या नावानं एक हॉल करायचं ठरतंय आणि सगळे हार्ट टाकतायत. मी ग्रुप सोडू की बोलू की जाऊन तोंडावर सांगू? – एक वाचक, सिंगापूर

उत्तर : ग्रुपवर आत्ता काही टाकू नका, रागाच्या भरात तर नकोच, कारण मग दोनशे लोक एकदम अंगावर येतात आणि त्यातले निम्मे रडून सांगतात की त्यांनी आम्हाला किती जीव लावला. त्यांनी लावलाही असेल, सगळ्यांशी माणूस सारखा वागत नाही. ग्रुपवर कधी काय होईल सांगता येत नाही, नायजेरियात जोसच्या हिलक्रेस्ट शाळेच्या एका माजी प्राचार्यानं २०२१ मध्ये स्वतःच फेसबुकवर लिहून कबुली दिली आणि मग चौकशी लागली. पण आपण त्याची वाट बघत बसायचं नाही.

तुम्ही तिघी-चौघी आधी वेगळं बोलून घ्या. एकीला बोलायचं नसेल तर तिला मोकळं सोडा, तिचं नाव कुठंही येऊ देऊ नका. बाकीच्यांनी मिळून शाळेच्या बोर्डाला आणि मिशनच्या मुख्य ऑफिसला, दोन्हीकडं, एकच पत्र लिहा : या व्यक्तीबद्दल आमची गंभीर तक्रार आहे, हॉलचं काम थांबवा, बाहेरच्या माणसाकडून चौकशी करा, अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्या. तपशील त्या पत्रात घालू नका, तो चौकशी करणाऱ्याला. टोरांटोच्या वाचकाला वर जे प्रश्न दिलेत ते तुम्हालाही लागतील.

रियुनियनला जायचं की नाही हे उत्तर आल्यावर ठरवा. तिकीट रिफंडेबल काढा. जायचं ठरलं तर ते गृहस्थ येणार आहेत का हे आयोजकांकडून आधी काढून घ्या, कॅम्पसमध्ये न राहता बाहेर हॉटेल घ्या, एकट्या जाऊ नका, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या सत्काराची वेळ कधी आहे ते बघून ठेवा म्हणजे तेव्हा तिथं असायचं की नसायचं ते तुमच्या हातात राहील.

(या विषयावरची पत्रं अजून येत असतील तर पाठवा. नाव नको असेल तर पाकिटावर 'खाजगी' लिहा, ते फक्त मीच उघडते.)